आईला कुठं न्यायचं?

(पत्र थोडक्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर नागपुरात राहणारी, शाळेत शिकवणारी ३४ वर्षांची मुलगी लिहिते. वडील रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आई ६१ वर्षांची. पहिलं वर्ष तिनं निभावून नेलं. मग अंग ठणकणं, छातीत धडधड, रात्र रात्र जाग, जेवणावरची वासना उडणं सुरू झालं. हृदयाच्या तपासण्यांत काही निघालं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या दिल्या. चार महिन्यांत झोप आणि भूक सुधारली, पण आई बोलत नाही, दिवसभर दिवाणावर पडून असते. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर समुपदेशन चालतं. "मी शेजारीच बसते, कारण आईला मोबाइल नीट धरता येत नाही. ती नुसती हो-नाही करते." पूर्वी वर्षावासात (आषाढ पौर्णिमेपासूनच्या तीन महिन्यांत) बौद्ध विहारातलं ग्रंथवाचन आईच्याच आवाजात व्हायचं. पण तिथल्या एका बाईनं "अजून नाही सावरली का?" असं विचारलं, दुसरी हसली, म्हणून मुलीनं आईचं जाणं थांबवलं, टोचून बोलणाऱ्यांपासून लांब राहा, असं समुपदेशकानंही सांगितलं होतं. आईला आराम मिळावा म्हणून स्वयंपाकाला बाई लावली, पेन्शनचे व्यवहारही स्वतःकडे घेतले. आता मावशीनं सात दिवसांचं निवासी 'समग्र उपचार' शिबिर शोधलं आहे: ३८ हजार रुपये, आणि पहिल्याच दिवसापासून गोळ्या बंद. भाऊ म्हणतो, पुण्याला आण, इथं चांगले थेरपिस्ट आहेत. आई म्हणते, "मले कुठंच नेऊ नका." मुलीचा प्रश्न: आहे तेच चालू ठेवू, शिबिराला नेऊ, की पुण्याला? शेवटी एक ओळ आहे: "हे काउन्सेलिंग वगैरे आपल्या लोकांसाठी बनलेलंच नाही का?"

ताई,

आधी गोळ्यांचं सांगून टाकते, कारण बाकी सगळं सवडीनं बोलता येईल, हे नाही. गोळ्या बंद करू नका. चार महिन्यांपूर्वी आई झोपत नव्हती, जेवत नव्हती. आज झोपते आणि जेवते. हा फरक तुम्हीच लिहिला आहे, पण इतक्या घाईनं की जणू त्याची काही किंमतच नाही. नैराश्यावरची औषधं एका दिवसात तोडली की अनेकांना चक्कर येते, मळमळतं, झोप पुन्हा उडते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, चिडचिड होते. शिबिरवाले मग त्यालाच "शरीरातलं विष बाहेर पडतंय" म्हणतात, आणि माणूस ते खरं मानतो. बरं वाटायला लागल्यावरही ही औषधं साधारण सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. कधी आणि किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळ्यांनी सुस्ती येत असेल, दिवसभर पडून राहणं त्यामुळेही होत असेल, तर तेही त्यांनाच विचारा. कधी नुसती वेळ बदलून किंवा औषध बदलून काम होतं. त्याच भेटीत थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासलं आहे का तेही बघा. साठीनंतर या तिन्ही गोष्टी मन आणि अंग दोन्ही जड करतात. हृदयाच्या तपासण्यांच्या धावपळीत त्या राहून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता तुमच्या शनिवारच्या कॉलबद्दल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा याच ओळीवर थांबले: आई हो-नाही करते, आणि मोबाइल तुम्ही धरता.

तुम्ही मोबाइल धरला आहे म्हणजे तुम्ही ऐकता आहात. आई तुमच्यासमोर काय बोलणार? रात्री दोनला जाग येते तेव्हा मनात काय येतं, ते? तुमच्या लग्नाचं राहून गेलं म्हणून वाटणारी टोचणी? (तुम्ही लग्नाबद्दल काही लिहिलेलं नाही. आई त्याचा विचार करत नसेल असं मला वाटत नाही.) नवऱ्याबद्दलचा राग, जो विधवा बायकोनं कधी बोलूनच दाखवायचा नसतो? आपल्याकडची आई मुलीसमोर रडायला तयार होते, पण मुलीसमोर तक्रार करायला तयार होत नाही. पलीकडे कोण बसलं आहे हा प्रश्न नंतरचा, अलीकडे कोण बसलं आहे हा आधीचा. पन्नास रुपयांचं मोबाइल स्टँड आणा, कॉल लावून द्या आणि शेजारच्या खोलीतही थांबू नका. खाली उतरा, भाजी आणा, कूलरमध्ये पाणी भरा. चार शनिवार असं करून बघा.

तरीही जमलं नाही, तर समोरासमोरचं समुपदेशन शोधा. शक्य असेल तर असा माणूस, ज्याला "माह्याच्यानं आता काईच होत नाही" हे वाक्य मनात भाषांतर न करता कळतं. आई गुडघ्यांबद्दल बोलली तर त्यानं गुडघ्यांबद्दल ऐकून घेतलं पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी बायका दुःखाची सुरुवात अंगदुखीनं करतात. त्यांना दुःख कळत नाही असं मुळीच नाही, डॉक्टर कशासाठी वेळ देतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. पहिल्याच भेटीत "तुम्हाला काय फील होतं?" विचारलं की ती म्हणणार, "काही नाही, बरं आहे." मुलाखत संपली!

त्यामुळे "आपल्या लोकांसाठी बनलंच नाही" या निष्कर्षावर एवढ्यात येऊ नका. तुमच्या आईच्या वाट्याला समुपदेशन अजून नीट आलेलंच नाही.

पण तुमच्या त्या ओळीत एक खरा प्रश्नही आहे. एका बंद खोलीत दोन खुर्च्या, पन्नास मिनिटं, एक अनोळखी तज्ज्ञ आणि एकटा माणूस, हीच मन बरं करण्याची एकमेव रीत आहे का? तर नाही. आणि हे सिद्ध व्हायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल सांगितलं, धीर दिला, गरज दिसली तर समुपदेशकाकडे आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून दिलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांमागे जेमतेम चार जण कुठल्या तरी उपचारापर्यंत पोचत होते (४.३ टक्के). अठरा महिन्यांनी हा आकडा २७.२ टक्के झाला. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गोव्यातल्या एका अभ्यासाचेही निष्कर्ष आले. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटींत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्यांना मदत केली आणि ती लागू पडली.

झिम्बाब्वेतली गोष्ट याहून जुनी आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णानं आत्महत्या केली. वेळेवर इस्पितळात यायला बसभाडं नव्हतं. चिबांडांनी २००६ साली हरारेत १४ आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले. आज्या बाकावर बसायच्या, आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायच्या, त्याच्या दहा अडचणींतली एक धरून तिच्यावर वाट काढायला मदत करायच्या. २०१६ साली त्याची शास्त्रशुद्ध चाचणी प्रसिद्ध झाली: सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होती. मला यातला एक तपशील फार आवडतो. बाकावरच्या भेटी झाल्या की मदतीसाठी आलेल्या बायका एका गटात यायच्या, आणि तिथं बसून टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणायच्या. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, हे ज्यानं उन्हाळ्यात गच्चीवर बायकांना वड्या घालताना पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

हे वाचून लगेच "बघा, मावशी बरोबरच होती" असं म्हणू नका. या सगळ्या ठिकाणी काय होतं ते नीट बघा. कुणाला तरी काम नेमून दिलेलं होतं. त्या माणसाला शिकवलेलं होतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं वर कुणीतरी होतं. आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं की डॉक्टरकडे जायची वाट उघडी होती. गोळ्या फेका, असं कुणी म्हणत नव्हतं. 'समग्र' म्हणवणाऱ्या कुठल्याही ठिकाणी जायच्या आधी हेच विचारायचं: आमच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? रात्री तब्येत बिघडली तर कोण बघतं? मधेच घरी यावंसं वाटलं तर येऊ देता का, आणि पैसे परत देता का? फोन जवळ ठेवता येतो का? घरचं माणूस भेटू शकतं का? या प्रश्नांना जिथं कपाळावर आठी येते तिथं आईला ठेवायचं नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांतसुद्धा अर्जातच मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, आणि गंभीर आजार असलेल्यांनी येऊ नये असं सांगतात. जे खरोखर जबाबदारीनं काम करतात त्यांना आपलं कुंपण ठाऊक असतं. सगळ्यांना घेतो, सगळं बरं करतो, असं म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते.

आणि ही भीती हवेतली नाही. तमिळनाडूतल्या एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. साखळदंडानं बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं मेले. तिथल्या दर्ग्याच्या कृपेनं बरं वाटेल म्हणून घरच्यांनीच त्यांना तिथं आणून सोडलं होतं. श्रद्धेला माझा विरोध नाही. ताजबागच्या दर्ग्यात चादर चढवून तिथूनच मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत येणारी माणसं नागपुरात पुष्कळ आहेत, आणि डॉक्टर शहाणा असेल तर त्यांना "तिकडे जाऊ नका" म्हणत नाही. तिकडचा आधारही घ्या, गोळीही घ्या, एवढंच सांगतो. कुलूप आलं, साखळी आली, औषध बंद करायची अट आली, की मात्र तो आधार उरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदीच घातली आहे.

आता विहाराकडे येते. इथं तुम्ही आणि मी कदाचित थोडं भांडू.

"अजून नाही सावरली का?" हे वाक्य ऐकून तुम्हाला राग आला, तो योग्यच होता. पण विहारात येणाऱ्या पंचवीस-तीस बायकांपैकी असं किती जणी म्हणाल्या? तुमच्या पत्रात एकीचंच बोलणं दिसतं, दुसरी कुणीतरी नुसती हसली होती. उरलेल्यांचं काय? त्यांतल्या एखादीनं अंत्ययात्रेनंतर घरी वरणभात आणून दिला असेल. एखादी स्वतः विधवा असेल आणि गप्प बसून आईकडे बघत असेल. समाज म्हणून आपण ज्याच्याबद्दल बोलतो तो एका तोंडाचा नसतो. तुम्ही आईला दोन तोंडाळ बायकांपासून वाचवलंत, आणि त्या भरात बाकीच्यांपासूनही तोडलंत.

समुपदेशकाचा सल्ला चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. काही वाचकांसाठी तोच पहिला आणि शेवटचा सल्ला आहे. आंतरजातीय लग्न केलं म्हणून ज्यांना घरच्यांनी टाकलं, जे समलिंगी आहेत म्हणून ज्यांच्यावर 'उपाय' चालू आहेत, ज्या बाईला मारहाण होते आणि सगळा मोहल्ला "सांभाळून घे" म्हणतो, त्यांना "आपल्या माणसांत जा, बरं वाटेल" असं सांगणं क्रूरपणा आहे. जखम ज्यानं केली त्याच्याच हातून पट्टी बांधून घ्यायची नसते. अशांसाठी ती बंद खोली आणि तो अनोळखी तज्ज्ञ हाच मोठा दिलासा असतो. पण तुमच्या आईच्या बाबतीत विहारानं जखम केलेली नाही. तिथं काहींनी तोंड चालवलं, एवढंच.

आणि विहारात आईला काय मिळत होतं? सोबत मिळत असेल, सहानुभूती मिळत असेल, पण मला वाटतं त्याहून मोठी गोष्ट होती: तिथं तिला काम होतं. वर्षावासात तीन महिने लोक तिच्या आवाजाची वाट बघायचे. घरी नवऱ्याचा डबा होता, तो गेला. स्वयंपाकघर होतं, तिथं तुम्ही बाई आणलीत. पेन्शनचं पासबुक होतं, ते तुमच्या पर्समध्ये गेलं. मायेपोटी केलंत, यात शंकाच नाही. पण दिवसभर तिला करण्यासारखं काय उरलं? दिवाण. नैराश्यात माणूस म्हणतो, मन झालं की करीन. आणि मन होत नाही. गोव्यातल्या त्या सहा-आठ भेटींचा गाभा हाच होता की आधी एखादी छोटी, ठरवलेली गोष्ट करायची, मग मन मागून येतं. एकदम मोठं काही नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेलं, जमेल एवढंच.

म्हणून एक-एक काम परत द्या. "आई, तुला बरं वाटावं म्हणून हे कर" असं म्हणालात की ती ओळखणार, आणि नाही म्हणणार. गरज खरी हवी. संध्याकाळी सांबार (कोथिंबीर) निवडून द्यायचा. बाईला वांग्याच्या भाजीतला मसाला जमत नसेल (जमत नसणारच), तर शेजारी खुर्ची टाकून आईनं सांगायचं. पासबुक परत द्या आणि महिन्यातून एकदा दोघी मिळून बँकेत जा, सही तिची, रांगेतही ती. पहिले काही दिवस ती करणार नाही, किंवा अर्ध्यावर सोडेल. तेव्हा हातातून काढून घेऊ नका, आणि टाळ्याही वाजवू नका. लहान मुलासारखं कौतुक केलं की मोठ्या माणसाला अपमान वाटतो.

आषाढ पौर्णिमा जवळ आली आहे, वर्षावास सुरू होईल. पण आईला थेट विहारात नेऊन तीस बायकांसमोर बसवू नका. तिच्या ओळखीतली एकच बाई निवडा. खूप बोलणारी नको. जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. ती कोण, हे तुम्ही ठरवू नका, आईला विचारा. आई कुणाचं तरी नाव घेईल, कदाचित तुम्हाला अपेक्षित नसलेलं. त्या बाईला आधी एकटं भेटा आणि स्पष्ट सांगा: आईला आजार आहे, उपचार चालू आहेत, तुमची मदत हवी आहे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला या. सोबत काहीतरी काम आणा, शेंगा सोलायच्या असोत नाहीतर ब्लाउजला हुक लावायचे असोत. सावरली का विचारू नका, सल्ला देऊ नका, "रडू नको" म्हणू नका. जे ऐकाल ते दुसरीकडे बोलू नका. फक्त एक गोष्ट लपवायची नाही: आई "जगून काय करू", "मी गेले तर बरं" असं काही बोलली, तर त्याच दिवशी मला सांगा. तुम्ही चहा मांडा आणि दुसऱ्या खोलीत जा. काही आठवड्यांनी ग्रंथ घरी आणा, दोन पानं आईनं तिला वाचून दाखवावीत. विहार त्यानंतर, तेही मागच्या ओळीत बसून आणि अर्ध्यात उठून यायची मुभा ठेवून.

ती बाई डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही, आणि तिच्यावर तेवढा भारही टाकायचा नाही. डॉक्टरांकडच्या पुढच्या भेटीला तिला घेऊन गेलात तर मात्र सोन्याहून पिवळं. डॉक्टरांना तुमच्याकडून कळतं त्यापेक्षा वेगळं तिच्याकडून कळेल. आईची परवानगी आधी घ्या.

ते "जगून काय करू" तुम्हीही विचारायला हवं. सरळ विचारा: "आई, कधी जगूच नये असं वाटतं का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ती हो म्हणाली, तर घाबरून भाषण देऊ नका. ऐका, तिला एकटं सोडू नका, घरातला औषधांचा साठा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्र असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास चालू, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक तुम्ही स्वतःसाठीही वापरू शकता.

भावाला काय सांगायचं? पुण्यात चांगले थेरपिस्ट आहेत हे खरं. पण तिथं आईला कोण ओळखतं? दिवसभर मुलगा-सून कामावर, चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली उतरलं तर बोलायला कुणी नाही. चांगल्या उपचाराच्या नावाखाली तिचे उरलेसुरले चार धागेही तुटतील. भाऊ मदतच करणार असेल तर त्यानं इथं यावं. पंधरा दिवस नागपुरातून काम करावं, आईला सकाळी घेऊन निघावं, एकदा डॉक्टरांकडच्या भेटीला बसावं, समुपदेशकाचा खर्च उचलावा. आणि रोज संध्याकाळी सातला आईला फोन, तुम्हाला नव्हे. वडील कसे होते, अजनीच्या ड्युटीवरून कसे यायचे, हे त्यानं तिला विचारावं. नवरा गेल्यावर दोन वर्षांत त्याच्याबद्दल कुणी विचारलंच नाही, अशा बायका मी खूप पाहिल्या. घरात विषय निघू नये म्हणून सगळे इतके जपतात की मेलेला माणूस दुसऱ्यांदा मरतो.

चांगल्या मदतीसाठी नागपूर सोडावं लागत नाही. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत, आणि खासगीच्या मानानं खर्च फारच कमी. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. ऑटोवाला तिथल्या चौकाला अजूनही 'पागलखाना चौक' म्हणतो, आणि त्या एका शब्दापायी कित्येक घरं तिथं पाऊल टाकत नाहीत. आईला तिकडे न्यायलाच हवं असं नाही. पण हे वाचणाऱ्या ज्यांना खासगी परवडत नाही, त्यांनी त्या नावाला भिऊन महिने घालवू नयेत. ओपीडीत गर्दी असते, सकाळी लवकर जा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पानं सोबत न्या. डॉक्टर पाच मिनिटंच देतील. तिथले समुपदेशक किंवा समाजसेवक मात्र थोडा जास्त वेळ देऊ शकतात, त्यांना आवर्जून भेटा, आणि सगळ्या कुटुंबाला मिळून एकदा बसता येईल का ते विचारा.

आईचं "मले कुठंच नेऊ नका" मी गंभीरपणे घेते. तुमच्यासमोरच्या तीन पर्यायांपैकी दोनांत तिला उचलून कुठंतरी न्यायचं आहे, आणि तिसऱ्यात तिनं दिवाणावर पडून राहायचं आहे. तिला काय हवं, हे पत्रात कुठंच नाही. बहुधा कुणी विचारलेलं नसावं. विचारा, आणि "काही नको" हे पहिलं उत्तर मिळाल्यावर तिथंच सोडू नका; दोन दिवसांनी पुन्हा, वेगळ्या वेळी विचारा. संध्याकाळी अंगणात बंगईवर (झोपाळ्यावर) बसून विचारलेल्या प्रश्नाला दुपारी दिवाणाजवळ उभं राहून विचारलेल्या प्रश्नापेक्षा वेगळं उत्तर मिळतं.

एक तुमच्याबद्दल. एवढ्या लांब पत्रात वडील गेल्याचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, आणि त्या वाक्यात फक्त आईचं काय झालं ते आहे. तुमचेही वडील गेले ना? एकदा आईजवळ जाऊन म्हणा, "आई, मले बाबांची लई आठवण येते." खरं असेल तरच म्हणा, उपाय म्हणून नको. दोन वर्षं तिला सगळे सांभाळत आहेत. तिला कुणाला तरी जवळ घ्यायची संधीच कुणी दिलेली नाही.

राहता राहिली मावशी. तिला "तुला काय कळतं" म्हणू नका. तिनं पदरमोड करून पैसे द्यायची तयारी दाखवली, कारण बहिणीला असं पाहवत नाही. तिला सांगा, सात दिवसांचा खर्च नको, सात दिवस तू ये. दोघी बहिणींना एका खोलीत झोपू द्या, रात्री कितीही वेळ कुजबुज चालली तरी दार वाजवू नका. गोळीची वेळ मात्र मावशीलाच लिहून द्या आणि ती चुकवायची नाही हे तिच्याकडून कबूल करून घ्या. शिबिराला आगाऊ रक्कम भरली असेल तर आजच व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा की येत नाही, पैसे परत करा. पावतीचा फोटो सोबत जोडा.